वही फाटली त्या संध्याकाळबद्दल

नाशिकच्या सिडकोतून एका आईचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथे देते.

"ताई, मुलगा पाचवीत आहे, दहा वर्षांचा. चौथीपर्यंत शांत होता, जूनपासून त्याला काय झालंय कळत नाही. एवढ्यातेवढ्यावरून चिडतो, गणित अडलं की पेन्सिल फेकतो, मला काहीच येत नाही म्हणून स्वतःच्या डोक्यात मारून घेतो. मी कॉलेज रोडला एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, घरी यायला साडेसात होतात, मग स्वयंपाक आणि त्याचा अभ्यास एकदमच चालतो. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, सध्या सेकंड शिफ्ट, रात्री बाराला येतात, मुलगा त्यांच्यासाठी जागा राहतो. मागच्या मंगळवारी भागाकार चुकला म्हणून त्याने रबर इतकं घासलं की पान फाटलं, मग वही भिंतीवर भिरकावली, आणि मी त्याला मारलं. दोन थोबाडीत. तो रडला नाही, नुसता बघत राहिला. झोपताना म्हणाला, आई उद्या गणित नको ना. सासूबाई म्हणतात लाडावून ठेवलाय, आमच्या वेळी एक ठेवून दिली की पोरं सरळ व्हायची. तो हट्टी झालाय, की मीच आई म्हणून कमी पडतेय? त्याची ही चिडचिड बंद कशी करू?"

अगं, तुझ्याहून वीसेक वर्षांनी तरी मोठी असेन, म्हणून अगंतुगं करते, चालेल ना. पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना त्या दोन थोबाडीतच डोक्यात राहिल्या, दुसऱ्यांदा वाचताना मात्र दोन गोष्टी दिसल्या ज्या तू सहज लिहून पुढे निघून गेलीस. एक म्हणजे जूनपासून, आणि दुसरी, मुलगा बापासाठी जागा राहतो. त्यांच्याकडे येतेच, पण आधी त्या वहीबद्दल बोलू.

आपल्याकडे एक शब्द आहे, त्रागा. हल्ली फार वापरत नाहीत, माझी आजी सारखं म्हणायची, "त्रागा करून काय होणारे". राग वेगळा आणि त्रागा वेगळा. राग समोरच्यावर निघतो. त्राग्यात माणूस स्वतःचंच नुकसान करतो, जेवायचं ताट सरकवतो, मेहनतीने केलेलं स्वतःच फाडतो, स्वतःच्याच डोक्यात मारून घेतो. तुझ्या मुलाने वही कुणाची फाडली? स्वतःचीच ना. रबर घासत होता म्हणजे त्याला ते उत्तर बरोबर करायचं होतं गं, ज्याला पर्वा नसते तो चुकीचं उत्तर तसंच ठेवतो आणि टीव्ही लावतो. तुला तो उर्मटपणा वाटला कारण वही तुझ्या समोरून उडाली, पण ती तुझ्यावर फेकलेली नव्हती. तो स्वतःवर चिडला होता.

आणि तू? तू मारलंस ते रागाने, असं तुला वाटतं. मला विचारशील तर तोही बराचसा त्रागाच होता. दिवसभर रिसेप्शनला पेशंटचं ऐकून घ्यायचं, तिथे आवाज चढवायची सोय नाही, मग मायको सर्कल, उंटवाडी, त्रिमूर्ती चौक असा त्या वेळच्या गर्दीतून जीव मुठीत धरून गाडीवर यायचं, घरात शिरल्या शिरल्या कुकर लावायचा, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता भागाकार शिकवायचा. कुणाचंही डोकं फिरेल. म्हणजे त्या पावणेआठच्या स्वयंपाकघरात दोन दमलेली माणसं समोरासमोर होती, दोघांचंही कुठेतरी अडलेलं होतं, आणि त्यातलं एक दहा वर्षांचं होतं. फरक असला तर एवढाच, की मोठ्याच्या त्राग्याचा मार लहानाच्या गालावर बसला.

म्हणून मारण्याबद्दल सरळ सांगते, गोल गोल बोलत नाही. मारू नकोस. तू वाईट आई आहेस म्हणून सांगत नाहीये, त्याचा उपयोगच होत नाही म्हणून सांगतेय. मारलं की पोर गप्प बसतं, ते खरं, सासूबाईंनी तेच पाहिलंय आणि त्या खोटं बोलत नाहीयेत. पण गप्प बसलेल्या पोराला भागाकार येत नाही. तो मंगळवारी एवढंच शिकला की गणित अडलं की आई मारते, म्हणून तर म्हणाला ना, उद्या गणित नको. आणि शाळेत मास्तरांना जे करायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी केलीय ते घरात चालतं असं कसं म्हणायचं? सासूबाईंशी यावर वाद घालत बसू नकोस मात्र. त्यांना कामाला लाव, ते पुढे सांगते.

आता ते जूनचं बघू. चौथीपर्यंत शांत होता म्हणालीस. अगं चौथीपर्यंत त्याची शाळा किती वाजता भरत होती आठव. पत्राच्या शेवटी तूच लिहिलंयस की आधी नऊची होती आणि आता पाचवीला सातची झाली, सहाला उठवावं लागतं. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळांना सांगितलं, त्याचं कारणच मुळी पोरांची झोप हे होतं. पाचवीत गेलं म्हणून मूल काही एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मोठं होत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ ते बारा तास झोप लागते, झोपेवर काम करणारे डॉक्टर हेच सांगतात. तुझा लेक बाबा येईपर्यंत जागा, म्हणजे झोपायला बारा, उठायला सहा, सहा तास. नाशिकच्या या थंडीत अंधारात उठून, अर्धवट झोपेत, अर्धा डबा परत आणून, पुन्हा रात्री आठला तो गणिताला बसतो. तुला जर कुणी सहा महिने असं झोपू दिलं नाही तर तू काय करशील? मी तर भांडी फेकीन.

म्हणजे "जूनपासून काय झालंय कळत नाही" याचं अर्धं उत्तर घड्याळात आहे. त्याच्या स्वभावाला काही झालेलं नाही.

आणि बाबांसाठी जागणं, ते तोडू नकोस एकदम, नाहीतर "झोप आता गप" वरून रोज नवीन भांडण. त्याला बाबा हवे आहेत. आता तूच हिशोब कर, सेकंड शिफ्टचा माणूस दुपारी घरातून कधी निघतो? अडीच-पावणेतीनला. आणि सातची शाळा सुटून मुलगा घरी येतो पाऊण-एकला. म्हणजे रोज दुपारी दीड-दोन तास बाप-लेक एका घरात असतात! तेव्हा काय चालतं ते तू लिहिलं नाहीस, बहुतेक एक जण मोबाईलवर आणि एक जण टीव्हीसमोर, किंवा बाबा पडलेले असतात, रात्री बाराला आलेला माणूस पडणारच. पण त्यातला तासभर मागून घे त्यांच्याकडून. दोघांनी सोबत जेवायचं, आणि जेवण झालं की वीस मिनिटं गणित, वीसच, त्याहून जास्त नाही. मिस्टर कंपनीत मशीनवर आहेत ना, मोजमाप, हिशोब त्यांच्या हातातला रोजचा खेळ आहे. बाबांनी दुपारी गणित घेतलं की रात्री जागायचं कारण आपोआप कमी होतं, नऊच्या आत अंथरुणात जाईल असं बघ. पहिले आठ दिवस ऐकणार नाही. नंतर ऐकेल. शिफ्ट बदलली की वेळ बदलावी लागेल, ते तेव्हा बघता येईल.

सासूबाईंचं काम म्हणजे पाच वाजताचं खाणं. बिस्कीट नाही, काहीतरी पोटाला लागेल असं, थालीपीठ, पोळीचा लाडू, शेंगदाणे-गूळ, त्यांना जमेल ते. "आई, तुमच्या हातचं तो खातो, माझं खात नाही" असं सांग, आणि ते बहुतेक खरंच असेल. भुकेल्या पोराला अक्कल शिकवता येत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहिती असणार. मोठ्या माणसाला घरात मानाचं काम दिलं की "लाडावून ठेवलाय" जरा कमी ऐकू येतं, हा माझा अनुभव.

आता तू विचारलंयस चिडचिड बंद कशी करू. बंद होत नाही गं ती, आणि व्हायलाही नको. ज्याला काही करायचंय आणि ते होत नाहीये त्याला वैताग येणारच, तुला येतो, मला येतो. वैताग आल्यावर काय करायचं एवढंच शिकवता येतं, आणि तेही त्या क्षणी नाही. मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे थांब, विचार कर, मग कर असं सांगणारा, तो पूर्ण तयार व्हायला विशी उलटून पंचविशीच्या आसपास जावं लागतं. दहाव्या वर्षी तो अर्धाकच्चा असतो, त्यात झोप नाही. अशा वेळी "शांत हो" म्हणून ओरडलं तर कसा होणार शांत. त्याच्याकडे तेव्हा शांतपणा नसतोच, तो त्याला तुझ्याकडून उसना घ्यावा लागतो. आणि तुझ्याकडे असेल तरच तू देणार.

म्हणून पहिली गोष्ट तुझ्यासाठी. घरी आल्यावर दहा मिनिटं कुणाचं काहीच नाही. चप्पल काढ, तोंडावर पाणी मार, गॅलरीत उभी राहून चहा पी, कुकर दहा मिनिटांनी लागला तर कुणी उपाशी मरत नाही. मुलाला आधीच सांगून ठेव, "मी आले की दहा मिनिटं माझी, मग तू". रागावून दार लावून घेतलंस तर त्याला वाटेल माझ्यामुळेच, म्हणून आधी सांगायचं. आणि डोकं तापायला लागलं की श्वास सावकाश बाहेर सोड, आत घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून. चार-पाच वेळा केलं तरी छातीतली धडधड कमी होते, करून बघ, गाडीवर सिग्नलला पण करता येतं.

दुसरं, तो चिडला की शब्द दे. "काय झालं एवढं चिडायला" हा प्रश्न नको, त्याला स्वतःलाच माहिती नसतं. तू सांग, "तीनदा करूनही उत्तर येत नाही म्हणून वैताग आलाय ना". एवढंच. पुढे उपदेश नाही, गप्प बसायचं आणि शेजारी राहायचं. हे वाचायला फार साधं वाटतं मला कळतंय, पण अमेरिकेत मॅथ्यू लीबरमन म्हणून एक संशोधक आहेत, त्यांनी २००७ मध्ये माणसांना चिडलेले, घाबरलेले चेहरे दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं, तर त्या भावनेला नाव दिलं की मेंदूतली भीती-रागाची घंटा वाजवणारी जागा थोडी शांत होते असं दिसलं. आपल्या मराठीत तर किती शब्द आहेत, वैताग, कंटाळा, चीड, हिरमोड, त्रागा, खट्टू होणं, नुसतं "राग आला" म्हणून सगळं एकाच डब्यात कशाला भरायचं. खट्टू झालाय की चिडलाय हे त्याला वेगळं सांगता आलं ना, की फेकाफेकी कमी होईल.

एक मात्र करू नकोस. कुणीतरी तुला सांगेल की राग आला की उशी बडवू दे, मोकळा होईल. मीही पूर्वी हेच सांगायचे पालकांना, चुकीचं सांगायचे. २००२ मध्ये ब्रॅड बुशमन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला होता, आधी लोकांना चिडवलं आणि मग काहींना त्या चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगला ठोसे मारू दिले, आणि काहींना नुसतं शांत बसवलं. ठोसे मारणारे जास्त चिडलेले निघाले. उशी बडवून हाताला बडवायची सवय लागते, बाकी काही नाही. त्यापेक्षा पायऱ्या उतरून खाली जाऊन ये, पाणी पी, झाडाला पाणी घाल.

तिसरं ते गणित. तू लिहिलंयस ७३४४ भागिले २४ होतं आणि तो सारखा ३६ उत्तर काढत होता. अगं, म्हणजे त्याला भागाकार येतोय! २४ त्रिक ७२, बरोबर, एक उरला, चार खाली घेतला, चौदा झाले, आता चौदाला २४ ने भाग जात नाही, इथे वर शून्य लिहायचं असतं, ते तो विसरतो आणि थेट पुढचा चार खाली घेतो, १४४, चोवीस सक १४४, संपलं. ३०६ च्या जागी ३६. एक शून्य राहिलं. आणि त्या एका शून्यासाठी तो स्वतःला "मला काहीच येत नाही" म्हणतोय आणि तूही त्या घाईत "एवढं साधं येत नाही?" म्हणालीस. मी वर्गात शिकवायचे तेव्हा अर्ध्या वर्गाचं हेच शून्य हरवायचं. त्याला दाखव की आठ पायऱ्यांतल्या सात बरोबर आहेत, आणि फक्त इथे अडलंय. "येत नाही" आणि "इथे अडलंय" यात पोराच्या जिवाला केवढा फरक पडतो. आणि सोडवून देऊ नकोस पटकन, हेही सांगते, कारण मारून झाल्यावर आयांना वाईट वाटतं आणि मग त्या सगळा गृहपाठच स्वतः करून देतात. थोडं अडू दे. "चोवीस गुणिले छत्तीस करून बघ बरं किती येतात" एवढंच म्हण. ८६४ आले की त्यालाच कळेल की आपण सात हजारांपासून किती लांब आहोत, आणि तो स्वतः शोधेल. शोधलं की त्याचा चेहरा बघ.

रबरबद्दल एक. काही दिवस रबर बाजूला ठेव, रफ वहीत पेनाने करू दे, चुकलं की एक आडवी रेघ आणि खाली पुन्हा. खोडून खोडून चूक नाहीशी करायची ही सवयच त्याला छळतेय असं मला वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तू विचारलंच नाहीस. माफी. तू मंगळवारी रात्री त्याच्या आवडीचा शिरा केलास, त्याने खाल्ला, तुला वाटलं मिटलं. मिटलं नाहीये.

माझंच सांगते. माझा मुलगा असाच नऊ-दहाचा असताना त्याला सायकल शिकवायला गोल्फ क्लबच्या मैदानावर न्यायचे. एका संध्याकाळी तो चार वेळा पडला, पाचव्यांदा पडल्यावर सायकलला लाथा घालायला लागला, बाजूला लोक फिरत होते, सगळे बघताहेत असं वाटून मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी ओरडले, "फेकून दे ती सायकल, तुला या जन्मात येणार नाही." तो उठून चालायलाच लागला, सायकल तिथेच. मी एका हाताने सायकल ढकलत त्याच्या मागे. येताना गाड्यावर थांबून त्याला उसाचा रस पाजला, आणि विषय संपला असं धरून चालले. तो आता तिशीला आलाय, मागच्या वर्षी सहज बोलता बोलता म्हणाला, "आई, तो रस तू राग गेला म्हणून दिलास की अजून रागावली होतीस आणि मी गप्प बसावं म्हणून दिलास, ते मला कधी कळलंच नाही." वीस वर्षं त्याला कळलं नव्हतं! मला वाटत होतं मी माफी मागितलीय. त्याला फक्त रस मिळाला होता.

तेव्हा शिऱ्यावर सोडू नकोस. शब्दांत सांग. "मंगळवारी मी तुला मारलं ते चुकलं. तू वही फेकलीस म्हणून मारलं असं मी सांगणार नाही, मी दमले होते आणि माझा ताबा गेला, ती माझी चूक. परत मारणार नाही, डोकं तापलं तर मी आत जाऊन पाणी पिऊन येईन." आणि थांब. "पण तू पण ना" हे वाक्य जिभेवर येईल, येतंच, गिळून टाक. वही फेकण्याबद्दल बोलायचंय ते दुसऱ्या दिवशी बोल, आणि बोलच, चिड येणं चालतं पण वस्तू भिरकावणं चालत नाही हे त्याला स्पष्ट माहिती हवं. पण माफीच्या दिवशी फक्त माफी. आईबापाने माफी मागितली की मूल डोक्यावर बसतं अशी भीती असते आपल्याकडे. चूक झाली की ती कबूल करून पुन्हा जवळ येता येतं हे त्याने तुझ्यात पाहिलं तरच स्वतःच्या चुकीला तो घाबरायचं थांबेल, रबराने पान फाडेपर्यंत घासणाऱ्या पोराला तर हे पाहायची जास्तच गरज आहे.

आणखी एकदोन गोष्टी पटकन. डोळे तपासून घे, फळ्यावरचं नीट दिसत नसेल तरी मुलं अशी चिडतात. वर्गशिक्षिकेला भेट, तक्रार घेऊन जाऊ नकोस, वर्गात कसा असतो एवढंच विचार. झोप आणि वेळ नीट होऊनही दीड-दोन महिन्यांत काहीच फरक दिसला नाही, आकड्यांशी किंवा वाचण्याशी त्याची झटापट तशीच राहिली, तर शिकण्यातली काही अडचण आहे का ते तज्ज्ञांकडून बघून घ्यायचं, त्यात कमीपणा काही नाही. आणि तो डोक्यात मारून घेतो ते वाढलं, जगण्याबद्दल वाईटसाईट बोलायला लागला, किंवा तुलाच रोज रडू यायला लागलं, सकाळी उठावंसं वाटेना, तर वाट बघत बसू नकोस. सरकारची टेली मानस म्हणून मोफत हेल्पलाईन आहे, १४४१६, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. फोन तुझ्यासाठीही आहे, फक्त मुलासाठी नाही.

तू कमी पडतेयस का हा प्रश्न राहिला. अगं, कमी तर वेळ पडतोय, झोप पडतेय, घरात दुसरा हात पडतोय. रात्रभर जागून पोराबद्दल दोन पानं लिहिणारी बाई कमी पडत नसते.

ती फाटलेली वही अजून दप्तरात असेल. रविवारी सकाळी मिस्टरांना सुट्टी असेल तर तिघं बसा, सेलोटेप घ्या, ते पान आतून चिकटवा, त्यालाच कात्री धरू दे. आणि त्याच पानावर, चिकटवलेल्या जागेच्या खाली, ७३४४ भागिले २४ पुन्हा मांडा. चौदापाशी आला की तू काही बोलू नकोस, मिस्टरांनाही सांग बोलू नका, त्याला थोडा वेळ बसू दे तिथे.